आमची जीप आणि आमचे कान

ज्या घरांत दहा-बारा माणसें एका छपराखालीं नांदतात त्या घराला गोंगाट नवा नसतो. स्वयंपाकघरांतील भांडीं, माजघरांतील मुलें, ओटीवरील पाहुणे आणि देवघरांतील घंटा हीं सर्व एकाच वेळीं बोलूं लागलीं तरी अशा घरांत वाढलेल्या माणसास त्यांतून आपल्याला हवा तो शब्द बिनचूक वेंचून घेतां येतो. आम्हीही याच शाळेंत तयार झालेले असल्यामुळें गोंगाटाविषयीं एक सबंध लेख लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर येईल असें कधीं वाटलें नव्हतें. परंतु तो आला, आणि आमच्या अंगणांत उभी असलेली एक जुनी जीप त्यास कारण झाली.

वणी हें गांव बहुतेकांस सप्तशृंगीच्या गडामुळें ठाऊक असतें. नाशिकाहून दिंडोरीवरून सुमारें ४० ते ४५ किलोमीटर उत्तरेस आलें कीं वणी लागतें. तेथून नांदुरीस जाऊन सुमारें १० किलोमीटरांचा घाट चढला म्हणजे गड येतो. आमची थोडी शेती याच बाजूच्या डोंगरउतारावर आहे, आणि तिच्याकडे जाणारा रस्ता असा आहे कीं पावसाळ्यांत बैलांनींही थबकून विचार करावा. म्हणून आमचे थोरले बंधु अण्णा यांनीं १९९६ सालीं एका लिलावांत ही डिझेल जीप विकत घेतली. तेव्हांपासून रोज दोन-तीन तास अण्णा आणि जीप यांची जोडी अभंग राहिली. घरांत कोणी आजारी पडो, कोणाला नाशिकच्या गाडीवर पोंचवावयाचें असो, द्राक्षांचीं औषधें आणावयाचीं असोत, जीप बाहेर निघे. आणि ती निघाली हें सबंध आळीस न सांगतां कळे.

आतां ज्या प्रसंगानें आमचे डोळे, किंवा अधिक खरें बोलावयाचें तर आमचे कान, उघडले तो सांगितला पाहिजे. २०२२ सालच्या डिसेंबरांत आमच्या कन्येनें आपला विवाह स्वतः ठरविला. स्थळ चांगलें होतें. परंतु अण्णांच्या मनांत दुसरेंच एक स्थळ होतें हें आम्ही जाणून होतों. नाशिकाहून परततांना, दिंडोरी मागें पडल्यावर, आम्हीं जीपमध्यें त्यांच्या शेजारीं बसून ही हकीकत त्यांच्या कानावर घातली. अण्णा रस्त्यावरची नजर न काढतां “बरं, बरं” म्हणाले. आम्हीं ती संमति मानली आणि दुसऱ्या दिवशीं मुलाकडील मंडळींस शब्द दिला. आठ दिवसांनीं मंडळी बैठकीस आलीं, तेव्हां अण्णा ओटीवर उभे राहून सर्वांदेखत म्हणाले, “मला या घरांत कोणी विचारलेंच नाहीं.” मग जें व्हावयाचें तें झालें. २०२३ च्या मे महिन्यांत लग्न लागलें. अण्णांनीं अक्षता टाकल्या आणि पंगतीस न बसतां ते शेतावर निघून गेले. पुढें कित्येक महिने एका घरांत राहून आम्हां दोघां भावांमध्यें कामापुरतें बोलणें उरलें.

त्याच वर्षीं दिवाळीच्या सुमारास वहिनींच्या आग्रहाखातर अण्णांनीं नाशिकास कानांची तपासणी करून घेतली. डॉक्टरांनीं जो आलेख काढला त्यांतील रेघ खालच्या स्वरांत बरी होती. परंतु दर सेकंदास ३,००० कंपनांच्या पुढें ती एकदम कोसळली होती आणि ४,००० च्या आसपास तिला मोठा खळगा पडला होता. गोंगाटानें बिघडलेल्या कानाची ही ओळखीची खूण होय. कानाच्या आंतील शंखाकृति भागांत सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदां नष्ट झाल्या म्हणजे मनुष्याच्या देहांत पुन्हा उगवत नाहींत. अशा माणसास आवाज ऐकूं येतो, पण शब्द कळत नाहीं. स्वर खालच्या पट्टींतले व जोरकस असतात, ते पोंचतात. स, श, च यांसारखीं व्यंजनें वरच्या पट्टींतलीं व क्षीण असतात, तीं वाटेंतच गळतात. वहिनींनीं “साखर” म्हटलें तर अण्णांना “भाकर” कां ऐकूं येई, आणि मुलींच्या व सुनांच्या बोलण्याकडे ते “लक्ष देत नाहींत” असें आम्हां सर्वांस कां वाटे, याचा उलगडा त्या दिवशीं झाला. डॉक्टरांनीं सगळा दोष एकट्या जीपवर टाकला नाहीं. वय होतें, आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनाजवळ घालविलेलीं वर्षेंही होतीं. परंतु “गाडींत किती वेळ असतां?” हा प्रश्न त्यांनीं दोनदां विचारला.

अण्णांना कर्णयंत्र मिळालें. घरांत तें उपयोगी पडूं लागलें. मात्र जीपमध्यें बसतांच ते तें काढून खिशांत ठेवीत. कारण उघड होतें. यंत्र शब्द मोठा करतें तसा खडखडाटही मोठा करतें. तेव्हां कानावरचा इलाज पुरा व्हावयाचा तर जीपवर इलाज केल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

जीपवर रागावण्याचें मात्र कारण नव्हतें, कारण आवाज हा तिचा जन्मधर्मच आहे. तिचें कुळ युद्धांतलें. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंत विलीज व फोर्ड यांच्या कारखान्यांनीं अशा सहा लाखांहून अधिक गाड्या सैन्यासाठीं बांधल्या. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रांनीं मुंबईस त्यांची जुळणी सुरू केली, आणि धरणें, रस्ते, जंगलें, शेतें या कामीं देशभर हाच सांचा पसरला. चिखलांतून निघावी, कोणाही मिस्त्रीस उघडतां यावी, इतकीच तिच्याकडून अपेक्षा. इंजिन आणि बसणाऱ्याचे गुडघे यांच्या मध्यें पत्र्याचा एकच पडदा. खालीं, दारांस, छतास उघडा चापट पत्रा. असा पत्रा म्हणजे गडावर गोंधळ्यांच्या कमरेस असतो तो संबळच. खालून इंजिन टिपरूं मारतें आणि आपण त्या संबळाच्या पोटांत बसतों!

पहिला प्रयत्न आमच्या पुतण्यानें २०२३ च्या उन्हाळ्यांत, कानांची कथा कळण्यापूर्वींच, केवळ सुखासाठीं करून पाहिला होता. त्यानें बाजारांतून जाड स्पंज आणला, तळावर अंथरला, त्यावर गालिचा टाकला आणि उरल्या जागीं वहिनींच्या दोन जुन्या गोधड्या कोंबल्या. आवाज फारसा कमी झाला नाहीं. पावसाळा लागतांच मात्र स्पंजानें पाणी प्यायलें तें दसऱ्यापर्यंत सोडलें नाहीं. गाडींत ओल्या गोधडीचा वास भरला, आणि गालिचा उचलून पाहतां तळाचा पत्रा दोन ठिकाणीं गंजून चाळणीसारखा झाला होता. वाचकांपैकीं कोणाकडे जुनी जीप असेल तर त्यांनीं आमच्या या चुकीपासून एवढें शिकावें कीं मऊ वस्तु कोंबणें म्हणजे आवाज थांबविणें नव्हे. आणि पाणी धरणारी कोणतीही वस्तु पत्र्यास लागून ठेवूं नये.

दिवाळीनंतर आम्ही ही गोष्ट मुळापासून समजून घेण्यास बसलों. पुतण्या यंत्रशास्त्र शिकलेला, आमची धाकटी सून पदार्थविज्ञान शिकविणारी. त्यामुळें ओटीवर रोज रात्रीं एक लहानशी परिषद भरूं लागली. तेथें पहिला धडा डेसिबलचा झाला. हें माप साध्या बेरजेचें नाहीं. समजा, माजघरांत दहा मुलें सारख्याच जोरानें रडत आहेत. त्यांतलें एक गप्प केलें तर माप अर्ध्या डेसिबलानेंही उतरत नाहीं. पांच गप्प केलीं तर अवघे ३ डेसिबल उतरतात. आणि नऊ गप्प करून एकच रडत ठेवलें तेव्हां कोठें १० डेसिबल उतरतात आणि आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. तात्पर्य हें कीं, जें मूल सर्वांत मोठ्यानें रडतें त्याला आधीं उचललें पाहिजे. लहान आवाजांमागें धांवण्यांत श्रम फुकट जातात.

दुसरा धडा वाटांचा. आवाज दोन वाटांनीं येतो: एक हवेंतून, फटींवाटे, दुसरी लोखंडांतून, जोडांवाटे. हवेची वाट अडविण्यास फटी बुजवाव्या लागतात. भिंतीच्या शंभरांत एक भाग उघडा राहिला तर उरलेली भिंत कितीही जाड केली तरी २० डेसिबलांहून अधिक आवाज अडत नाहीं. लोखंडाची वाट अडविण्यास मध्यें रबर असावें लागतें, आणि कांपणाऱ्या पत्र्याचें कांपणें मारावें लागतें. देवळांतील घंटेचा नाद हाताचा पंजा ठेवतांच विरतो, तेंच तत्त्व येथें आहे.

मग तपासणी. फटी शोधण्यासाठीं आमच्या सुनेनें जी युक्ति काढली ती घरांतील मुलांना फारच आवडली. अमावास्येच्या रात्रीं जीप अंगणांत उभी करून आंत एक प्रखर दिवा लावला आणि बाहेरचे सर्व दिवे मालवले. ती जुनी जीप एखाद्या आकाशकंदिलासारखी दिसूं लागली! क्लचच्या व ब्रेकच्या दांड्यांभोंवतीं, स्टिअरिंगच्या नळीपाशीं, दोन्ही गिअरच्या दांडक्यांच्या बुडाशीं, दारांच्या खालच्या कडेस, जेथें जेथें म्हणून उजेड गळत होता तेथें तेथें मुलांनीं खडूनें खुणा केल्या. एकूण २३ निघाल्या. दाराचें रबर तपासण्यास कागदाची पट्टी पुरे झाली; पट्टी दारांत धरून दार लावावें, ती सहज ओढून निघाली कीं तेथें फट आहे असें समजावें.

इंजिनाची परीक्षा मिस्त्रींनीं केली. उभ्या गाडींत इंजिन जोरानें फिरविलें असतां जो आवाज वाढला तो इंजिनाचा व धुराच्या नळीचा. चालत्या गाडींत वेगाबरोबर जो वाढला तो टायरांचा, गिअरपेटीचा व वाऱ्याचा. त्यांत सर्वांत मोठ्यानें रडणारें मूल निघालें धुराच्या नळीचें. तिच्या सांध्याचें पॅकिंग जळून गेलें होतें, आणि सायलेन्सर लटकविणारीं रबरें तुटून तो तारेनें थेट चासीला बांधला होता. इंजिनाखालचीं रबरी माउंटिंगें दगडासारखीं कडक झालीं होतीं. म्हणजे ज्या ठिकाणीं रबर असावयाचें तेथें सर्वत्र लोखंडाला लोखंड भेटलें होतें.

काम याच क्रमानें झालें. आधीं पॅकिंग, रबरें, माउंटिंगें. इतक्यानेंच निम्मी लढाई जिंकली, आणि तीही आंत एक वीतभर कापड न अंथरतां. मग खुणांचीं भोकें रबरी बुचांनीं बंद केलीं, दारांना नवें बीडिंग लावलें. पाणी वाहून जाण्याचीं तळाचीं भोकें तेवढीं जाणून उघडतां येतील अशींच ठेवलीं. त्यानंतर गंज खरवडून रंग दिला आणि पत्र्याच्या चापट भागांवर ब्यूटाइल रबराच्या, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेल्या चिकट पट्ट्या लावल्या. स्वस्त डांबरी पट्ट्या चैत्र-वैशाखांत मऊ पडतात व वासही मारतात, म्हणून त्या टाळल्या. या पट्ट्यांनीं सगळा पत्रा मढविण्याचें कारण नसतें. चौथाई ते तिसरा हिस्सा झांकला तरी कांपणें बहुतेक मरतें. पट्टी दाबून बसविण्यास रुळाची गरज होती. वहिनींचें लाटणें त्या कामीं लागलें, आणि तें परत स्वयंपाकघरांत घेण्यास त्यांनीं साफ नकार दिला. पट्ट्यांवर पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम, आणि त्यावर जड रबरी चटई मोकळी अंथरली. वजन आवाज अडवितें आणि मधला फोम त्या वजनास पत्र्यापासून वेगळें राखतो. शेवटीं टायर: चिखलाच्या खोल दांत्यांचे काढून साधे घातले, कारण आतां वर्षांतले दहा महिने आमची वाट डांबराचीच आहे.

मोबाइलवरील ध्वनिमापक हें कांहीं प्रयोगशाळेचें उपकरण नव्हे. पण त्याच मोबाइलनें, त्याच जागीं धरून, त्याच रस्त्यावर, ताशीं ६० किलोमीटर वेगानें मोजलें असतां काम करण्यापूर्वीं ९१ आणि नंतर ८४ असा आंकडा आला. हा फरक दिसावयास लहान. परंतु ७ डेसिबल उतरले म्हणजे कानावर येणारी ध्वनीची शक्ति एकपंचमांश झाली. अमेरिकेंतील कामगार-आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनें दिवसाचे ८ तास ८५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि दर ३ डेसिबलांस ती वेळ निम्मी केली आहे. म्हणजे ९१ मध्यें दोनच तास. आमचे अण्णा सव्वीस-सत्तावीस वर्षें ती मर्यादा रोज ओलांडीत होते आणि शेजारीं बसणारे आम्ही त्यांच्या जोरांत बोलण्याबद्दल त्यांना दोष देत होतों.

या शांततेचा पहिला लाभ अनपेक्षित झाला. काम पुरें झाल्यावर आठवड्याभरांत पुतण्यास पुढून एक घूं घूं असा आवाज येऊं लागला. गाडी डावीकडे वळली कीं तो वाढे. अण्णांना तो ऐकूं येत नव्हता. पण त्यांनीं स्टिअरिंगवर तळहात सैल ठेवला आणि म्हणाले, “उजवं पुढचं चाक. बेअरिंग गेलंय.” मिस्त्रींनीं चाक उचलून हलविलें तों तें खरोखरच डगडगत होतें. जुन्या गोंगाटाखालीं हा आवाज किती दिवस दडलेला असता, आणि कोणत्या वळणावर प्रकट झाला असता, याची कल्पना घाट पाहिलेल्यांनींच करावी. खडखडाटाचा सर्वांत मोठा अपराध हाच कीं तो आपल्याला उपयोगाचें कांहीं ऐकूं देत नाहीं.

दुसरा लाभ २०२४ च्या चैत्रांत झाला. यात्रेची गर्दी सुरू होण्यापूर्वीं देवीस जाऊन यावें म्हणून अण्णा व आम्ही दोघेच निघालों. अण्णांनीं कर्णयंत्र कानांतच ठेवलें होतें. घाटांत गाडी सावकाश चालत होती. इंजिनाचा आवाज होता, पण तो आतां दाराबाहेरचा वाटत होता. एका वळणावर समोर मार्कंडेयाचा डोंगर दिसला तेव्हां अण्णांनीं गाडी कडेला घेतली आणि एकाएकीं विचारलें, “त्या दिवशीं तूं मला गाडींत सांगितलंस म्हणतोस. कुठं सांगितलंस?”

“दिंडोरी गेल्यावर,” आम्ही म्हणालों. “तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणालांत, अण्णा.”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गाडींत मी सगळ्यालाच ‘बरं’ म्हणत असे. सारखं ‘काय, काय’ विचारलं असतं तर तुम्ही माझ्याकडून किल्ली काढून घेतली असती.”

यावर आम्हांस कांहीं बोलतां येईना. कारण तेवढ्याच खरेपणानें बोलावयाचें तर आम्हांसही एक कबुली द्यावयाची होती. एवढी मोठी गोष्ट थोरल्या भावास घरीं, समोर बसवून, त्यांच्या डोळ्यांकडे पाहून सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नव्हतें. जीपमध्यें ते रस्त्याकडे पाहणार, इंजिन ओरडत राहणार, त्यामुळें सांगितलें असेंही होईल आणि वादही टळेल, हा हिशेब आमच्या मनांत खोल कोठें तरी होता. ज्या गोंगाटाला आम्ही शत्रु म्हणत होतों त्याच्या आड ते लपले होते तसे आम्हीही लपलों होतों. आम्हीं तें त्यांना सांगितलें. पूर्वींच्या जीपमध्यें हें वाक्य सांगतांच आलें नसतें, आणि सांगितलें असतें तर पुन्हा एकदां “बरं, बरं” झालें असतें.

अण्णा म्हणाले, “पोरीला पुढच्या महिन्यांत माहेरी आण. जांवयाला मी स्वतः नाशिकला घ्यायला जाईन. याच गाडीनं.”

गडावर गेल्यावर, दर वेळीं ऐकलेली एक गोष्ट आम्हांस नव्यानें आठवली. देवीची मान एका बाजूस किंचित् कललेली आहे. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषि तिला सप्तशती ऐकवितात आणि ती कान देऊन ऐकते, अशी येथील श्रद्धा आहे. मध्यें सबंध दरी आहे, वारा आहे, यात्रेचा कल्लोळ आहे. तरी ऐकणें चालूच आहे. आमच्या दोन भावांमध्यें तर जीपच्या दोन बैठकींचेंच अंतर होतें.

अण्णांचे गेलेले कान परत येणार नाहींत. तें काम करण्यास आम्हीं पंचवीस वर्षें उशीर केला. जीपही कांहीं मोटार झाली नाहीं. सपाट रस्त्यावर वेग घेतला कीं आजही थोडें मोठ्यानें बोलावें लागतें. पण घरांत आतां एक नियम झाला आहे. महत्त्वाची गोष्ट अण्णांच्या समोर बसून सांगावयाची, आणि ती त्यांनीं आपल्या शब्दांत परत म्हणेपर्यंत सांगितली असें समजावयाचें नाहीं. हा नियम अण्णांसाठीं म्हणून केला. पण अलीकडे वहिनींनीं तो आम्हां सर्वांस लागू केला आहे, आणि त्यांची तक्रार अशी कीं, ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांनाच तो अधिक वेळां लावावा लागतो.